यादीतलं एकोणिसावं नाव

शक्तिनगर, दिल्ली
७ जुलै २०२५

चि. परीक्षित,

तुझं पत्र मिळालं. पाकीट उघडून पुन्हा चिकटवलेलं होतं. ते अपेक्षितच होतं. दोन पानं लिहिली असं तू शेवटी म्हणतोस. मला एकच मिळालं. दुसरं तू घालायला विसरलास की तुरुंगात कोणी ठेवून घेतलं, हे कळायला मला मार्ग नाही.

आई बरी आहे. तू कामासाठी इंदूरला गेला आहेस असं मी तिला सांगितलं होतं. ते तीन दिवस टिकलं. चौथ्या दिवशी खालच्या मल्होत्राबाई वर आल्या, आईचा हात धरून बसल्या आणि म्हणाल्या, बेटे की फिक्र मत कीजिए, सरकार अपने आदमी को ऐसे थोड़े ही दे देती है. त्या गेल्यावर आईने मला विचारलं, "सरकार कुणाला देतंय? आणि कुणाला देतंय म्हणजे काय?"

मग सांगावं लागलं. इंग्लंडात तुझ्या गाडीखाली एक म्हातारा माणूस गेला. तिथे खटला चालला. निकालाच्या आठवडाभर आधी तू विमानात बसून इथे आलास. तुझ्या पाठीमागे तुला सात वर्षांची शिक्षा झाली. आता ते तुला मागताहेत, आणि इथलं कोर्ट द्यायचं की नाही ते बघतं आहे. एवढंच सांगितलं. एवढंच मला ठाऊक होतं.  आईने विचारलं की तुरुंगात तुला पोळी देतात की भात.

सांगितलं कोणी, असं तू एका पानात तीनदा विचारलं आहेस. तुझा हिशेब असा: फरीदाबादच्या भाड्याच्या घराचा पत्ता तिघांनाच माहीत होता. मी, इशिता आणि घरमालक. घरमालकाला खटल्याचं ठाऊक नव्हतं. मला तू वगळतोस. उरली बायको. तिनेच सूड घेतला, असं लिहून तू त्याखाली रेघ मारली आहेस.

इशिताबद्दल मला काही सांगता येणार नाही. तू तिला आणि मुलीला तिथे ठेवून आलास तेव्हापासून तिचं माझं बोलणं नाही.

आपल्या मराठी मंडळात सगळ्यांना कळलं आहे. रविवारच्या बैठकीत विषय नसताना विषय निघाला. अध्यक्ष शंकरराव म्हणाले की आपला माणूस चुकला तर त्याचे कान आपण उपटू, परक्याच्या हाती का द्यायचा. कोणी म्हणालं, त्यांनी त्यांची माणसं आपल्याला कधी दिली. त्यावर चार उदाहरणं निघाली, त्यातली दोन चुकीची होती. सगळे तुझ्या बाजूने होते. जाताना प्रत्येकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला बरं वाटलं. मेलेल्या माणसाचं नाव मात्र कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मलाही सांगता आलं नसतं.

उन्हाळा अजून हटत नाही. जपून राहा.

ताई


शक्तिनगर
१९ ऑगस्ट २०२५

चि. परीक्षित,

तुझी वकीलबाई अक्षया रविवारी घरी आली होती. चांगली मुलगी आहे. लाजपतनगरात वाढलेली. मराठीत सुरुवात करते, अडली की हिंदीत उतरते, आणि मला मावशी म्हणते. तिने तीन मुद्दे सांगितले.

पहिला: तू भारताचा नागरिक आहेस. नागरिकाने बाहेर जाऊन केलेला गुन्हा इथल्या कोर्टात चालवायची सोय आपल्या कायद्यात आहे. मग बाहेर पाठवायचं कशाला. दुसरा: माणूस हजर नसताना दिलेला निकाल हा पुरा निकाल नव्हे. तिसरा: घरी चौऱ्याऐंशी वर्षांची आई आहे. पहिले दोन मुद्दे ती स्वतः मांडणार. तिसऱ्यासाठी तिला मी हवी आहे.

मी शपथपत्र करायचं. त्यात असं म्हणायचं की फेब्रुवारी २०२४ मध्ये आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, मी तुला फोन केला, आणि तू सगळं टाकून आलास. "भागा नहीं, माँ के लिए आया. बस, मावशी, एवढंच दिसलं पाहिजे."

मी म्हणाले, तो चार मार्चला आला. आई नऊ मार्चला पडली.

अक्षयाने पेनाचं टोपण लावलं. "मी तिथे नव्हते ना मावशी. तारीख तुम्ही सांगाल तीच." थोड्या वेळाने तिने विचारलं की हिंदूराव हॉस्पिटलात दाखल झाल्याचा कागद घरात आहे का. मी म्हणाले, शोधावं लागेल. शोधावं लागत नाही. आईच्या कपाटात, वरच्या खणात, बाबांच्या पेन्शनच्या कागदांखाली आहे. मी खोटं बोलले आणि ती समजली, आणि आम्ही दोघींनी चहा घेतला.

मी तिला विचारलं, समज, पाठवलं नाही. मग इथे खटला चालेल?

"चालू शकतो."

चालेल का?

ती हसली. "मावशी, खरं सांगू यार? आधी त्यांनी मागायला हवं, मग सरकारने मंजुरी द्यायला हवी, मग साक्षीदार तिकडून यायला हवेत. बघू ना. आधी हा तर जिंकू."

मी एकतीस वर्षं मंत्रालयात अनुवादक होते. 'प्रकरणी आवश्यक कार्यवाही सुरू आहे' हे वाक्य मी तीन भाषांत किती वेळा लिहिलं असेल, सांगता येणार नाही. त्यामागे काय असतं ते मला ठाऊक आहे. शंकरराव म्हणतात, कान आपण उपटू. उपटणारा हात मला दिसत नाही.

दुसरं एक लिहायचं आहे. रागावू नकोस. तू आलास त्या आठवड्यात मला सांगितलंस की म्हातारा फुटपाथवरून एकदम खाली उतरला. दिवाळीत जेवताना सांगितलंस की तो दारू प्यायला होता. डिसेंबरात मी फरीदाबादला आले तेव्हा म्हणालास की तिथे आपल्या लोकांना असंच अडकवतात, माझ्या गाडीला कोणी लागलंच नसेल. प्रत्येक वेळी मी मान हलवली. एका मजकुराच्या तीन प्रती तीन तऱ्हेच्या निघाल्या की मूळ मागवायचं, ही माझी नोकरी होती. मूळ मी कधी मागवलं नाही.

या खेपेला मागवलं. इंग्लंडहून आलेल्या कागदांची एक प्रत अक्षयाकडे होती. तीनशे बारा पानं. तिला हिंदीत सारांश हवाच आहे, म्हणून तिने खुशीने दिली. जाडजूड फाइल आहे. अजून उघडलेली नाही.

शपथपत्रावर सही करीन असं मी तिला सांगितलं आहे. फेब्रुवारी, तर फेब्रुवारी.

ताई


शक्तिनगर
११ सप्टेंबर २०२५

परीक्षित,

शपथपत्र झालं नाही. अक्षयाने तुला कळवलं असेल. तिने कसं कळवलं ते माहीत नाही, म्हणून जे झालं ते लिहिते.

ती मंगळवारी टंकलेला मसुदा घेऊन आली. आईच्या खोलीतच बसलो, कारण आईनेही खाली दोन ओळी लिहून सही करावी असं तिला वाटत होतं. आईला ऐकू यावं म्हणून तिने मोठ्याने वाचलं, आणि वाचता वाचता मराठी करून सांगितलं. पार्वतीबाई फेब्रुवारीत न्हाणीघरात पडल्या, इथपर्यंत आली.

आई म्हणाली, "फेब्रुवारीत नाही."

अक्षया म्हणाली, आजी, कोर्टासाठी तसं लिहावं लागतं.

"फेब्रुवारीत कशी पडेन मी? फेब्रुवारीत तो इथे नव्हता. मी पडले तेव्हा तो घरात होता. त्यानेच उचललं मला. दोन जिने उतरला, कुठे टेकवलं नाही. रिक्षात पण मांडीवर घेऊन बसला, हाड हलू नये म्हणून." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू भाजी आणायला गेली होतीस."

अक्षयाने पुन्हा समजावलं. आई ऐकेना. तिचं म्हणणं असं की हेच तर कोर्टात सांगायला पाहिजे. पळून आलेला माणूस आईला घेऊन चारचौघांत हॉस्पिटलच्या बाकावर दिवसभर बसतो का. सगळ्या नर्सांनी त्याला पाहिलं आहे. त्यांना बोलवा. तारीख बदलली तर तिला उचललं कोणी, असं विचारतील, आणि मग उत्तर काय देणार.

एवढं ती गेल्या वर्षभरात एकदम बोललेली नाही. तिला फक्त एवढंच कळत होतं की तुझ्या हातून झालेली एक चांगली गोष्ट आम्ही कागदावरून काढून टाकतो आहोत. ती काढू द्यायला ती तयार नव्हती.

अक्षयाने मसुदा पिशवीत ठेवला. उठताना हळूच म्हणाली, "आजी, आपने तो अपने ही वकील को हरा दिया." आईला ते कौतुक वाटलं. तिने तिला लाडू दिला.

मी मध्ये पडले नाही. मला सही करायची नव्हती असं मी आता म्हणू शकते, पण ते खरं नाही. पेन माझ्या हातात होतं.

आई खरं बोलली, तेव्हा मलाही एक सांगितलं पाहिजे.

गेल्या जानेवारीत तू मंडळाबरोबर पानिपतच्या स्मारकाला, काला अंबला आलास. घरात बसून कंटाळलो, पानिपतात मला कोण ओळखतंय, असं म्हणालास. बसमध्ये चढताना मला बाजूला घेऊन सांगितलंस, ताई, तुमच्या त्या यादीत माझं नाव टाकू नकोस. मी हो म्हणाले.

यादी तुला माहीत आहे. बाबा चिटणीस होते तेव्हापासूनची. चौदा जानेवारीला स्मारकाशी जो कोणी मंडळाबरोबर आला त्याचं नाव, वय, पूर्ण पत्ता. इथे पडलेल्यांची यादी कोणी केली नाही, निदान आलेल्यांची करू, असं बाबा म्हणत. आधी स्मरणिकेत छापायचे. आता मंडळाच्या वेबसाइटवर जाते. चिटणीस मी आहे. यादी मीच टंकते. यंदा त्रेचाळीस नावं होती. एकोणिसावं तुझं आहे, फरीदाबादच्या पत्त्यासकट.

इंग्लंडच्या कागदांबरोबर त्या यादीचं पान जोडलेलं आहे. तुझ्या नावाखाली पिवळी रेघ आहे.

जुलैत तू विचारलंस तेव्हा मी गप्प बसले आणि इशितावर येऊ दिलं. तिने काही केलेलं नाही. यादीतलं नाव सवयीने पडलं असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. सवयीने पडलं असतं तर पत्ता मी शक्तिनगरचा लिहिला असता. तू आयुष्यभर तोच लिहीत आलास. फरीदाबादचा पत्ता मला वहीतून बघून उतरवावा लागला.

तुला पकडून द्यावं असं मनात नव्हतं. खरं काय ते मला कळेना, आणि ते माझ्याखेरीज कोणीतरी ठरवावं असं मला वाटत होतं. एवढंच.

सुनीती


शक्तिनगर
२४ नोव्हेंबर २०२५

परीक्षित,

दोनदा भेटीला आले. दोन्ही वेळा आतून निरोप आला की तू येत नाहीस. दुसऱ्या वेळी खिडकीवरच्या शिपायाने विचारलं, क्या लगते हैं आपके? मी सांगितलं, भाऊ. तो म्हणाला, भाई लोग पहले ग़ुस्सा करते हैं, फिर मान जाते हैं. मी तासभर बाकावर बसून परत आले.

कागद वाचून झाले. सारांश अक्षयाला दिला. सारांशात जे नाही ते तुला लिहिते. हे पत्र कोणी उघडून वाचणार असेल तर वाचू दे.

त्यांचं नाव केनेथ वॉर्ड. वय एकाहत्तर. बायको आधीच गेलेली. एक मुलगी, त्याच गावात शाळेत शिकवते. ते ग्रंथालयातून घरी चालले होते. ऑक्टोबर महिना, दुपारचे पावणेचार, उजेड होता. रक्तात दारू नव्हती. रस्त्याच्या कडेला गवतावर ते सापडले. डॉक्टरच्या मते धक्का बसल्यानंतर ते साधारण चाळीस मिनिटं जिवंत होते.

तुझं म्हणणं होतं की काहीतरी लागलं असं वाटलं, खड्डा असेल म्हणून तू पुढे गेलास. एका दुकानाच्या कॅमेऱ्यात तुझी गाडी त्या वळणाआधी दिसते आणि वळणानंतरच्या पंपावर पुन्हा दिसते. अंतर दोन मिनिटांचं. तुला सहा मिनिटं लागली. सरकारी वकील म्हणाला, हा थांबला होता. तुझा वकील म्हणाला, पुढे वाहनं अडकली असतील. न्यायाधीशांनी सांगितलं की थांबल्याचा पुरावा नाही, तेवढ्यावरून तसं धरू नये. बेदरकार गाडी चालवली, एवढ्यावरच शिक्षा झाली.

पान दोनशे चौदा ही अंगावर सापडलेल्या वस्तूंची यादी आहे. मनगटी घड्याळ, चालू. किल्ल्या. ग्रंथालयाचं कार्ड. रुमाल. चष्मा, घडी केलेला, कोटाच्या छातीवरच्या खिशात.

ही यादी मी एकदा वाचली आणि पान उलटलं. रात्री स्वयंपाक आवरताना आठवलं की डॉक्टरच्या अहवालात दुसरीकडे काहीतरी आहे. ते शोधलं. नाकाच्या दांड्यावर दोन्ही बाजूंना चष्म्याच्या कडेने झालेल्या ताज्या जखमा. म्हणजे गाडी धडकली तेव्हा चष्मा डोळ्यांवर होता. त्यांना पाहणारी पहिली बाई म्हणते, मी कशालाही हात लावला नाही, फक्त फोन केला. या दोन पानांमध्ये एकशे तीस पानं आहेत. तिथे कोणी ती शेजारी ठेवून पाहिली नाहीत. ठेवली असती तरी त्यांना काय कळलं असतं.

जेवण झालं की बाबा आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचता वाचता झोपायचे. तू सात-आठ वर्षांचा होतास तेव्हापासून त्यांचा चष्मा हळूच काढायचास, घडी करायचास आणि सदऱ्याच्या खिशात ठेवायचास. झोपेत मोडेल म्हणून. घरात ते करणारा तू एकटाच होतास. मी त्यांना उठवायचे. ते गेले त्या दिवशीही, हॉस्पिटलात, तू तेच केलंस. तुला कदाचित आठवतही नसेल. हात आपोआप ते करतात.

तू गाडीतून उतरला होतास.

ते गवतावर उडून पडले असं कोर्टाने धरलं. आईला दोन जिने कुठे न टेकवता नेणारा माणूस मला ठाऊक आहे. मी तसं धरत नाही.

तू त्यांना उचललंस, कडेला नीट ठेवलंस, चष्मा मोडू नये म्हणून काढून खिशात ठेवलास, आणि गाडीत बसून गेलास. फोन तुझ्याजवळ होता. गेले तीन महिने मी तुझ्यावर संशय घेत होते की तू निर्दय आहेस. तसं असतं तर सोपं होतं.

हे मी अक्षयाला सांगितलेलं नाही. कोर्टालाही सांगणार नाही; तिथे चष्म्याचं कोणी विचारणार नाही. पण यापुढे मला कोणी विचारलं की भावाला पाठवावं की नाही, तर माझ्याकडे उत्तर नाही असं मी म्हणणार नाही.

चुकीचं लिहिलं असेल तर तसं कळव. नुसतं 'नाही' लिही, पुरे.

सुनीती


शक्तिनगर
३० जानेवारी २०२६

परीक्षित,

तू काही कळवलं नाहीस. 'नाही' असंही नाही.

काल कोर्टात मी मागच्या बाकावर होते. तू बघितलंस की नाही ते माहीत नाही. तू वाळला आहेस. अक्षया चांगली बोलली. आपल्या नागरिकाला आपणच परक्या देशाच्या हवाली करायचं, तर मग नागरिक असण्याचा अर्थ काय, असं ती म्हणाली तेव्हा मागे बसलेले, दुसऱ्याच प्रकरणांसाठी आलेले दोघे-तिघे माना हलवत होते. सरकारी वकिलाने फार आवाज न चढवता सांगितलं की या माणसाचा पासपोर्ट तिथल्या कोर्टाने काढून घेतला नव्हता. त्याच्या शब्दावर त्याला मोकळं ठेवलं होतं. उद्या तिथल्या कोर्टासमोर दुसरा भारतीय उभा राहील तेव्हा त्याच्या शब्दाचं काय.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी पाठवायला हरकत नाही असं मत दिलं. आता फाइल सरकारकडे जाईल. अक्षया वरच्या कोर्टात जायचं म्हणते. तिने तुला सांगितलं असेल.

मंडळाने सरकारला अर्ज केला आहे की आपल्या माणसाचं प्रत्यार्पण करू नये. एकसष्ट सह्या आहेत. शंकररावांनी मराठी मसुदा माझ्याकडे पाठवला, हिंदी आणि इंग्रजी करून द्या म्हणाले. मी करून दिलं. शब्द कुठेही हलका केला नाही. सही केली नाही. शंकररावांनी बासष्टावी जागा मोकळी ठेवली होती, खाली माझं नाव टंकून. ते फोनवर म्हणाले, "सुनीतीताई, सख्खी बहीण सही करत नाही म्हणजे लोक काय समजतील?" मी म्हणाले, समजू देत. ते म्हणाले, एवढा कोरडेपणा कुठून आणता हो. मी फोन ठेवला.

चिटणीसपद सोडलं आहे. यंदा काला अंबला गेले नाही. नावं कोणी लिहून घेतली ते विचारलं नाही.

आई विचारते, तू तिच्यावर रागावलास का. तिला वाटतं की तारखेवरून तिने हट्ट केला म्हणून हे झालं. मी सांगितलं, तसं नाही. तिला एक ओळ लिही. मला नको, तिला.

सुनीती


शक्तिनगर
१२ मार्च २०२६

परीक्षित,

आज तुझं पत्र आलं. आठ महिन्यांनी. पाकीट उघडलेलं होतं. वाचणाऱ्याला काही कळलं असेल असं वाटत नाही, कारण आईच्या चिठ्ठीखेरीज आत एकच ओळ आहे.

'ताई, तो बोलत होता.'

आणि खाली लहान अक्षरात, तू लिहायला सांगशील तर काय बोलत होता ते पुढच्या पत्रात लिहीन.

मी स्वयंपाकघरात उभ्यानेच ते वाचलं. मग बसले. तासभर असं वाटत होतं की लगेच कार्ड लिहावं: लिही. मी तुझी थोरली बहीण आहे. लहानपणी काही फुटलं, हरवलं, तर तू आधी मला सांगायचास आणि मग ते घरात कोणाला कसं सांगायचं ते मी ठरवायचे. तू हे मला सांगितलंस की ते माझं होईल. मी ते नीट घडी करून ठेवीन. तुझ्या बाजूने त्याचा अर्थ लावीन. मला ते जमतं, माझं आयुष्य त्यात गेलं. आणि मग ते या घरात राहील, दिल्लीत, तीन माणसांच्या कुटुंबात, आणि तुलाही हलकं वाटेल.

म्हणून सांगते, लिहू नकोस.

फाइलमध्ये त्यांच्या मुलीचं निवेदन आहे. दीड पान. शिक्षेबद्दल त्यात एक ओळही नाही. ती म्हणते, बाबा चाळीस मिनिटं तिथे एकटे होते, आणि त्या चाळीस मिनिटांचं मला काही ठाऊक नाही. शाळेत मुलं लिहीत असताना मी तेवढा वेळ घड्याळाकडे बघते. हे वाक्य सारांशात घ्यायची गरज नव्हती. मी घेतलं.

ती सगळीच्या सगळी चाळीस मिनिटं ते एकटे नव्हते. हे जगात तुलाच माहीत होतं आणि आता मला. ते काय बोलले ते फक्त तुला माहीत आहे. ते तिचं आहे. ते घेऊन तू चार मार्चला विमानात बसलास आणि इथे आलास, आणि गेले आठ महिने आम्ही सगळे बोलतो आहोत की आपला माणूस द्यावा की देऊ नये. त्याने आणलेलं काय आहे ते कोणी विचारलं नाही.

कोणत्या देशाचा हक्क मोठा हे मला अजूनही सांगता येत नाही. शंकररावांचं कदाचित बरोबर असेल. पण इथल्या कोर्टात ती बाई नसेल. इथे ते शब्द तू कोणाला सांगणार. मला, अक्षयाला, खिडकीवरच्या शिपायाला.

अक्षया काल येऊन गेली. वरच्या कोर्टात जाण्याचा अर्ज तयार आहे, तुझी सही हवी आहे, आणि तू आठवडाभर तिला टाळतो आहेस, असं म्हणाली. "मावशी, तुम्ही सांगा ना त्याला. तुमचं ऐकेल." सही कर किंवा करू नकोस असं मी सांगणार नाही. यादी टंकताना मी तुझ्या वतीने ठरवलं होतं. पुन्हा नाही.

आईला तू लिहिलंस ते मी वाचून दाखवलं. तू पडलीस तेव्हा मी तिथे होतो हे बरं झालं, असं लिहिलंस, त्यावर ती रडली नाही. तिने कागद उशीखाली ठेवला. संध्याकाळी तिने विचारलं, नेलंच त्याला, तर तिकडे त्याचं असं कोणी आहे का.

मी म्हणाले, एक बाई आहे. शाळेत शिकवते. त्याच्याशी बोलायचं म्हणून थांबली आहे.

ताई